कुउ हाए आलोहा: झेंडा पांघरणाऱ्या बायका

देशाच्या वारशावर क्विल्ट, म्हणजे गोधडीसारखं थर शिवून केलेलं पांघरूण, करायची म्हटलं की बहुतेक जणी आधी त्या देशाचा झेंडा घेतात, मग त्याचे रंग, मग एखादं फूल नाहीतर पक्षी, आणि सुरुवात करतात. आमच्या क्विल्टिंगच्या ग्रुपमध्ये हा विषय निघाला तेव्हा मी हवाईचं नाव घेतलं तर दोघीतिघींनी लगेच विचारलं की हवाई तर अमेरिकेचं राज्य ना, देश कसला? म्हणून हे लिहायला बसले. हवाई देश होता, राजाराणी असलेला, स्वतःचा झेंडा असलेला, आणि तो देश हातचा गेला तेव्हा तिथल्या बायकांनी झेंडा पांघरुणात शिवून ठेवला.

पण सुरुवात झेंड्यापासून नाही, सालीपासून आहे. हवाईत कापूस विणून कापड करायची पद्धत नव्हती, तिथे वाउके नावाच्या झाडाची आतली साल भिजवून, लाकडी ठोकण्यांनी बडवून बडवून पातळ करायचे आणि त्याचं जे कापड व्हायचं त्याला म्हणतात कापा. अंथरुणावर घ्यायला अशा कापाचे अनेक थर एकावर एक ठेवून एका कडेला शिवायचे, सगळ्यात वरचा थर रंगवलेला, नक्षीचा, आणि खालचे साधे. थंडी वाटली तर थर वाढवायचे, उकडलं तर बाजूला सारायचे. म्हणजे थरांचं पांघरूण त्यांना कोणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. सुती क्विल्ट आल्यावरसुद्धा त्यांनी तिला कापाच म्हटलं, नाव बदललं नाही, मला ही गोष्ट फार आवडते.

बाहेरून आली ती सुई आणि जोडकाम. बोस्टनहून ऑक्टोबर १८१९ मध्ये निघालेलं थॅडियस नावाचं जहाज मिशनरी कुटुंबांना घेऊन १८२० च्या मार्चअखेर हवाईला पोचलं, आणि ३ एप्रिल १८२० ला त्या जहाजाच्या डेकवरच शिवणाचा पहिला वर्ग भरला. राजघराण्यातल्या आणि सरदारांच्या घरातल्या चार बायका चटईवर बसलेल्या, त्यांच्या हातात मिशनरी बायकांनी छापील कापडाचे तुकडे दिले, हे जोडा म्हणून. त्यातल्या कालाकुआ राणीने सोबत पांढरं कापड आणलं होतं, तिला त्याचा मिशनरी बायकांसारखा ड्रेस शिवून हवा होता.

त्या बायका शिवण पटकन शिकल्या, पण तुकडे जोडणं काही त्यांच्या मनात बसलं नाही. कारण बघा, मिशनरी बायका जिथून आल्या त्या अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या घरात कपडे बेतताना चिंध्या उरायच्या, थंडी कडाक्याची, म्हणून त्या चिंध्या जोडून पांघरूण करायचं हा हिशोब सरळ होता. आपल्या गोधडीचंही तसंच, जुनी लुगडी-धोतरं घरात असतात म्हणून गोधडी होते. हवाईत घोळदार सैल झगे शिवायचे त्यात उरणार काय? मग चांगलं सलग कापड मुद्दाम फाडायचं, बारीक तुकडे करायचे आणि तेच परत जोडत बसायचं, हे त्यांना निरर्थक वाटलं.

मग त्यांनी आपली रीत काढली. पूर्ण पलंगाएवढं एक कापड घ्यायचं, आठ पदरी घडी घालायची आणि एकदाच कात्री चालवायची. लहानपणी आपण कागदाच्या घड्या घालून नक्षी कापायचो ना, अगदी तसंच, फक्त पलंगाच्या मापाचं. घडी उलगडली की सलग नक्षी, ती दुसऱ्या रंगाच्या तेवढ्याच मोठ्या कापडावर पसरायची, कच्चा दोरा घालून बसवायची आणि कड सुईच्या टोकाने आत दुमडत दुमडत बारीक टाक्यांनी शिवायची. रंग बहुतेक वेळा दोनच, त्यात लाल-पांढरा खूप. त्यानंतर मध्ये भर आणि खाली अस्तर घालून धावदोरा, पण तोही उभा-आडवा नाही, नक्षीच्या कडेकडेने एकामागून एक रेघा, साधारण बोटाच्या रुंदीएवढ्या अंतराने, बाहेर बाहेर सरकत जाणाऱ्या. लाटा किनाऱ्याकडे येतात तशा त्या दिसतात असं तिथल्या बायका म्हणतात, आणि फोटो नीट बघितला तर खरंच तसं दिसतं.

नक्षी कुठून आली याची एक गोष्ट सांगतात. एका बाईने कापड वाळत घातलं होतं, त्यावर उलूच्या झाडाची सावली पडली, तिला ती इतकी आवडली की तिने सावलीबरहुकूम कापलं. ही दंतकथाच आहे, कागदकापणीचं तंत्र मिशनऱ्यांकडून आलं असावं असंही काही जण मानतात. पण उलू म्हणजे आपला नीरफणस! कोकणात, गोव्यात ज्याचे काप करून तळतात तोच. तिथे नवीन शिकणारीने पहिली क्विल्ट उलूची करावी, म्हणजे आयुष्यात काही कमी पडत नाही, असं मानतात.

आणि नक्षी ज्या बाईची, ती तिचीच. तिचं नाव ती ठेवणार, त्या नावामागचा खरा अर्थ कधीकधी तिलाच माहीत असणार. न विचारता दुसरीची नक्षी उचलणं म्हणजे चोरी. हल्ली आपण फोटो सेव्ह करून सरळ कापायला घेतो म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता झेंडा. हवाईच्या झेंड्यावर कोपऱ्यात ब्रिटिश युनियन जॅक आणि बाकी पांढरे, लाल, निळे असे आठ पट्टे, आठ मुख्य बेटांचे. हा झेंडा पहिल्यांदा उतरवला गेला १८४३ मध्ये, एका ब्रिटिश कॅप्टनने, लॉर्ड जॉर्ज पॉलेटने, परस्पर बेटं ताब्यात घेतली तेव्हा. पाच महिन्यांनी, ३१ जुलैला, ब्रिटिशांच्याच ॲडमिरल थॉमसने राज्य परत दिलं आणि झेंडा पुन्हा चढला. मग १७ जानेवारी १८९३. बहुतांशी अमेरिकन असलेल्या व्यापारी आणि मळेवाल्यांच्या गटाने राणी लिलीउओकलानीला पदच्युत केलं, आदल्या दिवशीच बोस्टन नावाच्या युद्धनौकेवरून अमेरिकन सैनिक होनोलुलूत उतरले होते. १८९७ मध्ये हवाई अमेरिकेत विलीन करण्याच्या विरोधात एकवीस हजारांवर लोकांनी सह्या केल्या, त्या सह्या गोळा करत फिरण्यात बायकांची संघटना पुढे होती, तरी १२ ऑगस्ट १८९८ ला इओलानी पॅलेस या राजवाड्यावरचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवला.

झेंड्याच्या क्विल्ट्स १८९३ च्या आधीही होत होत्या, पण त्यानंतर त्यांचा अर्थच बदलला. त्यांचं नाव कुउ हाए आलोहा, म्हणजे माझा लाडका झेंडा. मधे चौकोन, त्यात राजचिन्ह किंवा मुकुट ॲप्लिक केलेला, म्हणजे कापडातून कापून वर शिवलेला, आणि भोवती चार बाजूंना चार झेंडे. सरकारी खांबावर नाही तर नाही, झोपताना अंगावर तरी आपलाच झेंडा असू दे, असं लोक म्हणायचे असं सांगतात. आणि आता शिवणारीच्या नजरेने बघा. एका झेंड्याला आठ पट्टे म्हणजे चार झेंड्यांना बत्तीस, त्यात प्रत्येक युनियन जॅकच्या तिरक्या पट्ट्या, ज्या जरा ताणल्या की लगेच वाकड्या होतात. सलग कापड तोडायला नको म्हणणाऱ्या बायकांच्या नाती-पणत्या पट्टीला पट्टी जोडत बसल्या, कारण झेंडा एका घडीत कापून होत नाही.

राणीने स्वतःही शिवलं. जानेवारी १८९५ मध्ये तिला परत गादीवर बसवायचा उठाव फसला, तिला अटक झाली, तिच्याच सिंहासनाच्या दालनात तिच्यावर खटला चालवला आणि त्याच राजवाड्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत जवळजवळ आठ महिने डांबून ठेवलं. सोबतीला इव्हलिन विल्सन ही मैत्रीण स्वतःहून राहिली होती. त्या खोलीत त्यांनी क्विल्ट सुरू केली, नऊ चौकोनांची, क्रेझी क्विल्ट म्हणतात तसली, रेशीम आणि रिबिनींचे वेडेवाकडे तुकडे जोडून, त्यावर भरतकामाने माणसांची नावं, घटना, तारखा, आणि हवाईचे झेंडे. राजवाड्यात आपल्याला कैद केलंय आणि तिथेच ही क्विल्ट सुरू केली, हेही तिच्यावर दोऱ्याने लिहिलंय. ती आज इओलानी पॅलेसमध्येच ठेवलेली आहे.

ग्रुपमध्ये मी सांगितलंय की हवाई घ्यायचं तर झेंडा नको, तो ज्यांचा गेला त्यांना शिवू दे. आपण उलू करूया. कोकणातून नीरफणसाची चार मोठी पानं मागवलीत, ती कागदावर ठेवून आकार काढायचा आणि नक्षी आपली आपणच पाडायची.