नागीण धून

नागीण धून ही खानदेशातील लग्नाच्या वराती, कानबाई या देवीच्या विसर्जनाची मिरवणूक आणि अशाच इतर प्रसंगी बँडवर वाजवली जाणारी, गारुड्याच्या पुंगीचा भास निर्माण करणारी वाद्यधून आहे. तिचे मूळ १९५४ सालच्या ‘नागिन’ या हिंदी चित्रपटात आहे. लता मंगेशकर यांनी गायिलेल्या ‘मन डोले मेरा तन डोले’ या गीतात पुंगीचा जो आवाज ऐकू येतो, तोच कालांतराने गीतापासून सुटा होऊन स्वतंत्र धून म्हणून रूढ झाला. हा आवाज पुंगीचा नसून क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा आहे आणि तो प्रामुख्याने कल्याणजी वीरजी शाह (१९२८–२०००) यांनी काढला, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे आणि नाशिक जिल्ह्याचा मालेगाव, सटाणा, कळवण हा लगतचा भाग एवढा टापू येथे खानदेश म्हणून धरला आहे. धून अर्थातच या टापूपुरती नाही.

नावाबाबत थोडा खुलासा आवश्यक आहे. गारुड्याच्या वाद्याला मराठीत पुंगी हाच जुना शब्द असून ‘गाजराची पुंगी’ या म्हणीमुळे तो घरोघरी परिचित आहे. ‘बीन’ म्हटले की मराठी संगीतग्रंथांत रुद्रवीणा अभिप्रेत असते आणि ती वाजवणारा तो बीनकार. हिंदी पट्ट्यात मात्र पुंगीलाच बीन म्हणतात. हा दुसरा अर्थ मराठीत बोलपटांच्या मार्फत रुळला असावा, आणि बँडवाल्यांच्या बोलण्यात आज तोच चालतो. ‘बीन वाजवा’ आणि ‘नागीण वाजवा’ या दोन्ही फर्माइशींचा अर्थ वरातीत एकच होतो.

धुनीच्या कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत. चित्रपटाचे संगीतकार म्हणून हेमंतकुमार यांचे नाव आहे आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. त्या वेळी कल्याणजी आणि पुढे संगीतकार म्हणून प्रसिद्धीस आलेले रवी (१९२६–२०१२) हे दोघे हेमंतकुमार यांच्याकडे साहाय्यक व वादक म्हणून काम करीत होते. पुंगीचा आवाज एकट्या कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर काढला, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार क्लॅव्हिओलिनवर कल्याणजी आणि हार्मोनियमवर रवी असा तो जोडआवाज होता. धून कोणी बांधली आणि ती कोणी वाजवली हे दोन वेगळे प्रश्न असून जुन्या लिखाणात त्यांची वारंवार सरमिसळ झालेली दिसते. वादनापुरते बोलायचे तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण क्लॅव्हिओलिनवर एका वेळी एकच स्वर निघतो, तर पुंगीच्या दोन नळ्यांपैकी एकीवर सूर सतत धरलेला असतो. तसा भरीव परिणाम साधायचा असेल, तर जोडीला दुसरे वाद्य घेणे स्वाभाविक होते. बांधणीचे श्रेय मात्र तिघांत कसे वाटायचे, हे केवळ ध्वनिमुद्रण ऐकून ठरवता येण्यासारखे नाही.

कालनिर्णयाचाही एक उपप्रश्न आहे. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनचा असाच उपयोग चित्रगुप्त यांचे संगीत असलेल्या ‘नागपंचमी’ (१९५३) या चित्रपटात आधीच केला होता, असे काही संकलक नोंदवतात. ते मान्य केल्यास ‘नागिन’मधील वादन हा पहिला प्रयोग न राहता एका हाती बसलेल्या युक्तीचा दुसरा, अधिक गाजलेला अवतार ठरतो. दोन चित्रपटांत जेमतेम वर्षाचे अंतर असल्याने १९५३–५४ असा जोडकाळ धरणे सुरक्षित होय.

क्लॅव्हिओलिन हे वाद्य फ्रान्समधील कॉन्स्तां मार्तँ यांनी १९४७ च्या सुमारास तयार केले. त्याचे दोन भाग असत : तीन सप्तकांचा लहानसा कळफलक आणि ध्वनिवर्धक व कर्णा बसवलेली वेगळी पेटी. खटका फिरवून कळफलकाचा पल्ला पाच सप्तकांपर्यंत नेता येई, आणि आवाज लहानमोठा करण्यासाठी वादकाच्या गुडघ्याशी एक तरफ दिलेली असे. स्वराची निर्मिती निर्वात नलिकांच्या मल्टिव्हायब्रेटर प्रकारच्या आंदोलकात होत असे. त्यातून बाहेर पडणारा तरंग जवळजवळ चौरस आकाराचा असतो. हा तरंग निरनिराळ्या फिल्टरांतून गाळून, त्यावर कंप चढवून आणि ध्वनिवर्धकावर जाणूनबुजून अधिक भार टाकून वाद्याचा तो विशिष्ट, किंचित किरकिरा आवाज मिळवला जाई.

या आवाजात पुंगी का ऐकू येते, याचे उत्तर ध्वनिशास्त्रात सापडते. आदर्श चौरस तरंगात मूळ स्वराच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या अशा फक्त विषम पटींचे संनादी (मूळ स्वरासोबत उमटणारे उपस्वर) असतात आणि त्यांची तीव्रता क्रमाने कमी होत जाते. जिभेने (नळीत बसवलेल्या पातळ पट्टीने) कंप पावणारी, एका टोकाला बंद असल्यासारखी वागणारी सरळ नळीही विषम संनादींनाच उचलून धरते. पुंगीत भोपळ्याच्या खाली मेणाने बसवलेल्या दोन नळ्या अशाच घडणीच्या असतात. म्हणजे मार्तँ यांच्या वाद्यातील विजेचा तरंग आणि गारुड्याच्या बोरूतील हवेचा स्तंभ यांचा साचा मुळातच मिळताजुळता होता; कल्याणजींच्या कानाने हे साम्य हेरले. शिवाय पुंगीवादक गाल फुगवून नाकाने श्वास घेत सूर तुटू देत नाही आणि विजेवरच्या वाद्याला तर श्वासाची गरजच नसते. हरकती-मुरक्यांचा भाग कळफलकावर जवळजवळच्या पट्ट्या झपाट्याने दाबून साधला गेला असावा, कारण बोट सरकवून स्वर ओढण्याची सोय या वाद्यात नव्हती.

पश्चिमेकडील लोकप्रिय संगीतात या जातीच्या वाद्यांचा गवगवा १९६० नंतर झाला. इंग्लंडमधील १९६२ सालची ‘टेलस्टार’ ही धून त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण असून तिच्यात क्लॅव्हिओलिन वाजले की त्याच घडणीचे युनिव्हॉक्स, याविषयी तेथेही एकमत नाही. त्या मानाने मुंबईतील उपयोग सात-आठ वर्षे आधीचा आहे. मात्र कल्याणजींना भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचे ‘आद्य’ प्रवर्तक म्हणताना, त्यांच्या आधी कोणीच विजेचे वाद्य हाताळले नव्हते असा अर्थ घेऊ नये. कच्छमधून आलेल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा गिरगावच्या मराठी-गुजराती वस्तीत वाढला, त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि १९५८ च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’पासून स्वतंत्र संगीतकार म्हणून नाव लावले. पुढे धाकटे बंधू आनंदजी यांच्यासह त्यांची जोडी प्रसिद्ध झाली. ‘सरस्वतीचंद्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार आणि १९९२ मध्ये पद्मश्री हे त्यांच्या कारकिर्दीतील मोठे सन्मान होत; नागीण धुनीशी या सन्मानांचा संबंध नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये ‘मूग’ या संश्लेषकासह (सिंथेसायझरसह) उभारलेला स्टुडिओ आणि चरणजित सिंग यांची १९८२ सालची डिस्को ठेक्यावरील दहा रागांची ध्वनिमुद्रिका ही नंतरची टप्प्याची स्थळे अभ्यासकांना मोलाची वाटतात. धुळ्या-जळगावच्या रस्त्यांवर यांपैकी काही पोहोचले नाही. पोहोचली ती नागीण.

ती कशी पोहोचली, हे पाहताना एक सरकारी निर्णय लक्षात घ्यावा लागतो. केंद्रीय नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती, आणि विविध भारती सुरू व्हायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. त्यामुळे ‘नागिन’ची गाणी प्रथम ऐकली गेली ती चित्रपटगृहांत, जत्रांतील तंबूंच्या सिनेमात, चावीच्या ग्रामोफोनवर आणि रेडिओ सिलोनवर. यांतील शेवटच्या दोन साधनांचा आवाज खालच्या व वरच्या दोन्ही टोकांना कापलेला असे. क्लॅव्हिओलिनचा मधल्या पट्टीतला तीक्ष्ण सूर अशा कापणीत फारसा बिघडत नाही, आणि धून इतक्या लवकर स्मरणात बसण्याचे ते एक कारण असू शकेल.

खानदेशातील लग्नात त्याआधीपासून वाजंत्री असे : सनई, सूर (सनईला अखंड स्वराची साथ देणारे वाद्य), संबळ, डफ. लष्करी पद्धतीचे बँड शहरांकडून गावांकडे हळूहळू सरकले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कपाशी-केळीचा पैसा हाती असलेल्या गावांतून ते प्रतिष्ठेचे लक्षण झाले. क्लॅव्हिओलिन या बँडांत कधी आले नाही. ते महाग होते, परदेशी होते आणि भिंतीतल्या विजेशिवाय मुके होते. चालत्या वरातीत त्याचा काय उपयोग? त्याची जागा क्लॅरिनेटने घेतली. ही निवड योगायोगाची म्हणता येत नाही, कारण क्लॅरिनेटही जिभेवर वाजणारे सरळ नळीचे वाद्य असून त्याच्या खालच्या पट्टीत विषम संनादींचेच प्राबल्य असते. ट्रम्पेटवर हीच धून वाजवली की ती ओळखू येते, पण तिच्यातला साप निघून जातो, एवढे कोणीही कान देऊन ऐकल्यास पटेल. क्लॅरिनेटवादकाने मुळातील धुनीत भरही घातली. ओठ सैल करून स्वर खाली ओढण्याची जी जागा आज धुनीचा प्राण मानली जाते, ती क्लॅव्हिओलिनवर शक्य नव्हती. वरातीतली धून आणि ध्वनिमुद्रिकेतली धून यांतील हा फरक महत्त्वाचा आहे.

पश्चिम खानदेशात या आवाजाला आधीपासून एक शेजारी होता. साक्री, नवापूर या बाजूच्या आदिवासींमध्ये, विशेषतः कोकणा समाजात, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी वाजते. भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांपासून बनणारे हे वाद्य पुंगीच्याच कुळातले असून त्याचा सूरही रात्रभर अखंड चालतो. नागीण धून या भागात चटकन आपलीशी होण्यामागे हा कानाचा संस्कार असावा, असे म्हणता येईल. मात्र धुळे-जळगावच्या पूर्व भागात पावरी नसतानाही ती तितकीच रुजली, म्हणून हे कारण एकटे पुरेसे ठरत नाही.

खानदेशात कानबाईची स्थापना श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी होते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होते. या मिरवणुकीत नागीण धून वाजते, यावरून तिचा नागपूजेशी संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. रोटाच्या (कानबाईच्या नैवेद्याच्या) विधीत, कानबाईच्या गाण्यांत किंवा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गौराईगीतांत या धुनीला स्थान नाही. ती देवीपुढे नव्हे, तर मिरवणुकीतील नाचणाऱ्यांसाठी वाजते.

नाचाचे स्वरूप सर्वपरिचित असल्याने त्याचे सविस्तर वर्णन येथे केलेले नाही. एक जण रुमालाचे टोक दातांत धरून दुसरे टोक हातांनी ताणतो आणि गारुडी होतो, दुसरा हातांचा फणा करून त्याच्यापुढे डोलतो व प्रसंगी रस्त्यावर लोळतो. सापाला बाह्यकर्ण नसतो आणि तो पुंगीच्या सुरापेक्षा तिच्या हालचालीला प्रतिसाद देतो, हे प्राणिशास्त्राचे म्हणणे या नाचाला लागू पडत नाही, कारण येथील साप पूर्णपणे सुरावर चालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर गारुड्यांचे खेळ क्रमाने विरळ झाले. परिणामी आजच्या तरुण वरातीला पुंगी ठाऊक असते ती बहुधा याच धुनीमुळे, आणि खरी पुंगी कानी पडली तर तीच नकली वाटण्याचा संभव आहे.

१९८० नंतर बॅटरीवर चालणारे छोटे कळफलक बाजारात आले आणि ‘कॅसिओ’ हे एका कंपनीचे नाव सर्वच कळफलकांना चिकटले. हातगाडीवर किंवा छोट्या वाहनावर जनरेटर, भोंगे, कळफलक व ऑक्टोपॅड (विजेवरचे तालवाद्य) घेऊन निघणारा बँड ही त्यानंतरची घडण आहे. तिच्यात नागीण धून पुन्हा विजेच्या वाद्यावर आली. हा परतीचा प्रवास मात्र सरळ नाही : आजचा कळफलकवादक स्वर ओढण्याचे चाक फिरवून जी जागा घेतो, ती कल्याणजींची नसून मधल्या काळातील क्लॅरिनेटवाल्यांची आहे. ‘नगीना’ (१९८६) या चित्रपटातील पुंगीच्या जागाही अनेकदा याच धुनीला जोडून वाजवल्या जातात. वादकांपैकी बहुतेकांना ही वेगवेगळ्या काळची सामग्री एकच, जुनी व ‘पारंपरिक’ वाटते.

वरातीत चित्रपटातील धून वाजवण्यास हरकत नसते, कारण १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांसाठी दिलेल्या सवलतीत लग्नाची मिरवणूक स्पष्टपणे धरली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी मात्र रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केला. उन्हामुळे वैशाखातील वराती संध्याकाळी उशिरा निघतात, तेव्हा नागीण धून पूर्वीसारखी अखेरीस न ठेवता मारुतीच्या पारापाशीच उरकण्याकडे कल दिसतो.

नंदुरबारच्या गुजरातलगतच्या पट्ट्यात टिमली या आदिवासी नृत्यसंगीताच्या जलद ठेक्यावर कळफलकाचे बँड वाजतात. तेथे नागीण धून सबंध वाजत नाही. तिचे पहिले काही स्वर दोन टिमलींच्या मधला सांधा म्हणून येतात.