गवत कापलं नाही तर फुलं जातात

टेम्स नदी लंडनच्या खूप वर, अजून ओढ्याएवढीच असते तिथे, विल्टशर परगण्यातल्या क्रिकलेड या छोट्या गावापाशी तिला चर्न नावाची उपनदी मिळते. या दोन पाण्यांच्या बेचक्यात शंभरेक एकरांचं एक सपाट कुरण आहे, नॉर्थ मेडो. एरवी कुणी वळूनही पाहणार नाही, पण एप्रिलमध्ये तिथे फ्रिटिलरी फुलते. बारीक दांडा, त्याच्या टोकाला मान खाली घातलेलं बहुधा एकच फूल, आणि पाकळ्यांवर गडद-फिक्या जांभळ्या रंगाचे चौकोन, लुंगीच्या कापडावर असतात तसे. अधूनमधून एखादं पांढरं. ब्रिटनमध्ये रानात उगवणाऱ्या फ्रिटिलरीपैकी सुमारे ८० टक्के या एकाच कुरणात आहेत.

इतकं दुर्मीळ फूल म्हटल्यावर कुंपण घालावं, गुरं हाकलावीत आणि जमिनीला हात लावू नये, असं वाटणं साहजिक आहे. तसं केलं तर काही वर्षांत फूल जाईल. नॉर्थ मेडो हे रान नाही, ती शतकानुशतकं राबलेली जमीन आहे. फेब्रुवारीच्या मध्याला गुरं बाहेर काढायची, गवत वाढू द्यायचं, जुलैत कापून वाळवून न्यायचं आणि १२ ऑगस्टला हक्कदार गावकऱ्यांची गुरं पुन्हा आत सोडायची, असा तिथला शिरस्ता आहे. ही तारीख मुळात १ ऑगस्टची, लॅमस सणाची. १७५२ मध्ये इंग्लंडने पंचांग बदललं आणि ११ दिवस गाळले, पण गवताला पंचांग कळत नाही, म्हणून गुरं जुन्या हिशेबानेच आत जात राहिली. ती अजूनही तशीच जातात.

इंग्लंडच्या हिवाळ्यात गवत वाढत नाही. बैल आणि घोडे जगवायचे तर उन्हाळ्यात वाळवलेल्या वैरणीला पर्याय नव्हता. म्हणून १०८६ च्या डूम्सडे पाहणीत राजाच्या माणसांनी गावोगावच्या जमिनींची नोंद केली, तेव्हा नदीकाठची कुरणं वेगळी मोजली गेली. एकराला एकर लावला तर कुरणाची किंमत नांगरटीच्या जमिनीपेक्षा बरीच जास्त असे. इतक्या मोलाच्या जमिनीची वाटणी भांडणाशिवाय व्हायची कशी? ऑक्सफर्डजवळच्या यार्नटन गावाने त्यावर तोडगा काढला होता. लाकडाचे १३ गोळे, प्रत्येकावर एक नाव: एकाचं ‘विल्यम ऑफ ब्लेडन’, दुसऱ्याचं ‘वॉटरी मॉली’. दरवर्षी पिशवीतून गोळे काढायचे आणि ज्याचा गोळा निघेल त्याला त्या पट्ट्यातलं गवत. कुठे पाणी साचतं, कुठे लवकर वाळतं, म्हणून चांगला पट्टा कायम एकाकडेच राहू नये एवढाच हेतू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही पद्धत चालली. आपल्याकडच्या गायरानांच्या गावकीला हे काही नवलाचं वाटणार नाही.

आता मातीकडे. पूर येतो तेव्हा नदी गाळ आणून टाकते, आणि त्या गाळात फॉस्फरस असतो. हे फुकटचं खत तसंच साठत गेलं तर दांडगी गवतं माजतात आणि बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत नाही. जुलैत गवत कापून नेलं की त्याबरोबर फॉस्फरसही कुरणाबाहेर जातो. नदीने आणावं, विळ्याने न्यावं, असा हा जमाखर्च. माती पुरेशी सुपीक राहते, पण कुणा एकाचं फावेल इतकी नाही. त्यातून एका चौरस मीटरमध्ये चाळीसच्या घरात जाती नांदतात.

खताने काय होतं याचा पुरावा हवा असेल तर इंग्लंडमधल्याच हार्पेंडनच्या रोथमस्टेड शेती संशोधन केंद्रात जावं. १८५६ मध्ये लॉझ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी तिथल्या वैरणीच्या कुरणाचे भाग पाडून प्रत्येकाला वेगवेगळं खत द्यायला सुरुवात केली. उत्पन्न किती वाढतं एवढंच त्यांना बघायचं होतं, फुलांशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण दोन-तीन वर्षांतच शेजारशेजारचे वाफे वेगळे दिसू लागले. प्रयोग अजून चालू आहे. बिनखताच्या वाफ्यांत पस्तीस-चाळीस जाती टिकून आहेत. भरपूर अमोनियम सल्फेट मिळालेल्या वाफ्यांत, नत्र आणि त्यामुळे वाढलेली आम्लता यांच्यापुढे तग धरणारी दोन-तीन गवतं उरली आहेत. उत्पन्न मात्र वाढलं, हेही खरं.

पण चाळीस जाती एका जागी भांडत का नाहीत? याचं एक सुंदर उत्तर १९९९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलं. क्रिकलेड आणि सॉमरसेटमधल्या टॅडमच्या कुरणांत भूजलाची पातळी कुठे किती दिवस वर राहते आणि कुठे माती कधी सुकते, हे संशोधकांनी मोजून कोणती वनस्पती कुठे उगवते याच्याशी ताडून पाहिलं. डोळ्यांना सपाट दिसणारं कुरण पाण्याच्या हिशेबात सपाट नसतं. चार बोटांचा उंचसखलपणासुद्धा पुरतो. कुणाच्या मुळांना पाण्याखाली गुदमरणं सोसतं, कुणाला तहान सोसते, आणि या दोन त्रासांमधली आपापली जागा प्रत्येक जातीने धरलेली असते. यार्नटनचे गोळे काढणाऱ्यांना हे आकडेवारीशिवाय ठाऊक असावं.

या संसारात एक परोपजीवीही आहे, यलो रॅटल. पिवळ्या फुलाची ही वर्षायू वनस्पती स्वतःचं अन्न बनवते, पण मुळं शेजारच्या गवताच्या मुळांत खुपसून पाणी आणि क्षार ओढून घेते. गवत खुजं राहतं आणि इतरांना फट मिळते. शेंगा वाळल्या की आत सुटं झालेलं बी खुळखुळतं, आणि तो आवाज म्हणजे कापणीची वेळ झाली असं जुने शेतकरी मानत. तिचं बी जमिनीत फार टिकत नाही. सलग दोन वर्षं बी पडायच्या आधी कापणी झाली, तर ती जवळपास संपते.

दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी कुरणं नांगरली गेली. नंतर स्वस्त नत्रखत आलं, सायलेज म्हणजे मुरघास आला, एकाच जातीचं रायग्रास पेरलं जाऊ लागलं. टेम्सच्या खोऱ्यात बांधकामासाठी मातीखालची खडी काढली गेली आणि कुरणांच्या जागी तळी राहिली. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड आणि वेल्समधली सखल भागातली अशी निमनैसर्गिक गवताळ जमीन सुमारे ९७ टक्क्यांनी घटली.

उरलेलं सुरक्षित आहे असंही नाही. २०१२ मध्ये भर उन्हाळ्यात पूर आला आणि नॉर्थ मेडोत गवत कापताच आलं नाही. गाळ आला, वैरण गेली नाही, जमाखर्च बिघडला. ओलीत माजणारी सेज नावाची जाड पात्याची, गवतासारखी वनस्पती पसरली आणि फ्रिटिलरी घटली. अशा वेळी कापणी लवकर करणं किंवा वर्षातून दोनदा करणं हा उपाय असतो, पण तोही पाणी ओसरलं तरच. साताऱ्याच्या कास पठारावर कुंपण आणि चराईबंदीने फुलं वाढतात की घटतात यावर बराच वाद झाला आणि अखेर कुंपण काढलं गेलं. सड्याची पातळ माती आणि टेम्सचा गाळ यांची तुलना ताणू नये, पण ‘गुरं म्हणजे नुकसान’ हे समीकरण दोन्हीकडे फसतं, असं माझं मत.

गेलेलं कुरण परत आणता येतं का? येतं, पण बाजारातल्या रानफुलांच्या बियांच्या पाकिटाने नाही. आधी माती तपासायची. फॉस्फरस जास्त असेल तर काही वर्षं फक्त कापून न्यायचं. मग जुलैत एखाद्या जुन्या, समृद्ध कुरणातलं गवत बी पिकत असताना कापायचं आणि न वाळवता त्याच दिवशी नव्या जमिनीवर पसरायचं. यात तासांचा खेळ असतो. ओल्या गवताचा ढीग ट्रॉलीत पडून राहिला तर आतून तापतो आणि बी मरतं. नवी जमीनही आधी खरवडून अर्धीअधिक उघडी केलेली हवी, नाहीतर बी जुन्या गवतात अडकून मातीपर्यंत पोचत नाही. मागून गुरं सोडली तर त्यांच्या खुरांनी ते मातीत दाबलं जातं.

याचा दीर्घकाळचा हिशेब ऑक्सफर्डजवळच्या सोमरफर्ड मीड या जागी ठेवला गेला. तिथे पूर्वी बार्लीचं शेत होतं. १९८६ मध्ये जवळच्याच ऑक्सी मीड या जुन्या कुरणातलं बी तिथे पेरलं, आणि पुढे कापणीनंतर काही भागात गाई, काही भागात मेंढ्या सोडल्या, तर काही भाग चराईविना ठेवला. चराई झालेले भाग जुन्या कुरणाच्या जास्त जवळ गेले. तरी जातींची रचना ऑक्सी मीडसारखी व्हायला दीडशेहून जास्त वर्षं लागतील, असा अंदाज संशोधकांनी २०११ मध्ये मांडला. म्हणजे उरलेली जुनी कुरणं आधी सांभाळायची, कारण बीही तिथूनच यायचं आहे, आणि एका कुरणातून दरवर्षी ते उचलताही येत नाही.

काही जाती तर गवताबरोबर येतच नाहीत, किंवा फार उशिरा येतात. ग्रेट बर्नेट ही अशा कुरणांची ओळखीची वनस्पती, गडद लाल बोंडांची, मीटरभराहून खोल मुळांची आणि दीर्घायुषी. ती बियांवरून सहज पसरत नाही. म्हणून ऑक्सफर्डच्या परिसरात स्वयंसेवक तिची रोपं घरी कुंड्यांत वाढवतात आणि नव्या कुरणांत एकेक करून हाताने लावतात.