हातच्या अडीच जीबीत काय काय मावेल?

गेम कन्सोलच्या पुढच्या अपडेटमध्ये काय येईल याचा अंदाज बांधणं वाटतं तितकं हवेतलं काम नाही. कन्सोल बाजारात येतो त्या दिवशी त्याचं हार्डवेअर ठरून जातं, आणि पुढे वर्षानुवर्षं बदलत राहतं ते सॉफ्टवेअर. म्हणून एखादी नवी सोय सुचली की आधी दोन गोष्टी तपासाव्यात: तिला लागणारा सुटा भाग डब्यात आहे का, आणि सिस्टीमने स्वतःसाठी किती मेमरी हातची राखली आहे.

पहिल्या गोष्टीचं चांगलं उदाहरण निन्टेन्डो स्विचचं. मार्च २०१७ मध्ये आलेल्या या कन्सोलचे कंट्रोलर ब्लूटूथवरच चालत होते, म्हणजे ब्लूटूथचा रेडिओ आत होताच. तरी ब्लूटूथ हेडफोन जोडायची सोय आली सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि तीही अटी घालून: हेडफोन चालू असताना जास्तीत जास्त दोन वायरलेस कंट्रोलर, माइक चालणार नाही, आणि शेजारच्या कन्सोलशी थेट वायरलेस खेळ सुरू केला की हेडफोनची जोडणी तुटणार. भाग असला तरी त्याची क्षमता वाटून घ्यावी लागते, ती अशी.

मेमरीचं गणित याहून कठोर आहे. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये एकूण ५१२ एमबी मेमरी होती, तीही २५६-२५६ अशी दोन भागांत. दोघं वेगवेगळे गेम खेळत असताना एकमेकांशी बोलण्याची सोय लोकांनी वर्षानुवर्षं मागितली, पण त्या कन्सोलवर ती कधीच आली नाही. एकदा गेमला दिलेली मेमरी परत घेता येत नाही. बाजारात गेलेला प्रत्येक गेम ती आपलीच आहे असं धरून लिहिलेला असतो, त्यातली थोडीशी काढली तरी जुने गेम बंद पडतील.

आता २०२० च्या एक्सबॉक्स सीरिज एक्सकडे पाहू. एकूण १६ जीबी, त्यातले १३.५ गेमला आणि २.५ सिस्टीमला. प्रोसेसरच्या ८ कोअरपैकी (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणाऱ्या भागांपैकी) १ सिस्टीमसाठी राखीव. भविष्यातली कुठलीही नवी सोय याच हातच्यात बसवावी लागणार.

सगळ्यात मोहात पाडणारी कल्पना म्हणजे कुठलाही गेम मागे नेणं: चुकलो, बटण दाबलं, दोन मिनिटं मागे. याचा अर्धा रस्ता तयार आहे. अर्धवट सोडलेला गेम तिथूनच पुढे सुरू करणाऱ्या क्विक रिझ्यूम या सोयीत गेमची सगळी मेमरी एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या कायमच्या साठवणीत, उतरवून ठेवतात आणि नंतर जशीच्या तशी परत भरतात. १३.५ जीबी, वाचनाचा मूळ वेग सेकंदाला २.४ जीबी, म्हणजे साधारण साडेपाच सेकंद. डेटा दाबून ठेवला असेल तर त्याहूनही कमी. मग दर मिनिटाला असाच एक ठसा का घेऊ नये?

दोन तास खेळलात तर १२० ठसे, म्हणजे १,६२० जीबी लेखन. १ टीबीच्या अनेक घरगुती एसएसडींना ६०० टीबी लेखनापर्यंतच हमी असते. रोज दोन तास या हिशेबाने ती जेमतेम वर्षभरात संपेल. शिवाय गेमला नवं दृश्य एसएसडीवरून वाचायचं असतं, नेमकी तेव्हाच ती लेखनात गुंतलेली असेल आणि खेळ अडखळेल.

उपाय आहे: फक्त बदललेली पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक मापाचे छोटे तुकडे, लिहायची. मेमरीची पानं कुलूपबंद करायची आणि गेमने एखाद्या पानावर लिहायला घेतलं की आधी त्याची जुनी प्रत बाजूला काढायची. पण या प्रती ठेवायच्या कुठे? त्याच अडीच जीबीत. गर्दीच्या प्रसंगात पानं भराभर बदलतात आणि हातचा संपतो. ग्राफिक्स चिपच्या पानांचा हिशेब वेगळाच असतो, प्रोसेसरच्या कुलपाने तिचं लेखन अडत नाही. म्हणून दोन फ्रेमच्या (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या) मध्ये तिचं काम पूर्ण होईपर्यंत थांबूनच ठसा घ्यावा लागतो.

त्यामुळे आपोआप मागे जाणं येण्यापेक्षा खेळाडूने स्वतः बटण दाबून घेतलेले चार-पाच ठसे येण्याची शक्यता कितीतरी जास्त वाटते. तिथेही दोन ठिकाणी घोटाळा होतो. ऑनलाइन गेममध्ये सर्व्हर पुढे गेलेला असतो, जुना ठसा उघडला की जोडणी तुटते. आणि गेमचं अपडेट आलं तर मेमरीत जुना कोड, डिस्कवर नव्या फाइल; अशा वेळी ठसा टाकूनच द्यावा लागतो.

दुसरा मार्ग फार देखणा आहे: मेमरी न साठवता फक्त बटणं साठवायची. बटणं, दोन ट्रिगर आणि दोन स्टिक मिळून १२ बाइट. सेकंदाला ६० वेळा नोंद केली तर तासाला जेमतेम २.६ एमबी! सुरुवातीपासून तीच बटणं पुन्हा दाबली की तोच खेळ घडायला हवा. काही फायटिंग गेम आपले रिप्ले असेच साठवतात. पण अट अशी की त्याच बटणांनी अगदी तेच घडलं पाहिजे. अनेक कोअरवरची कामं एकदा या क्रमाने, एकदा त्या क्रमाने संपतात. एका फ्रेमचा फरक पडला की शत्रू वेगळीकडे वळतो आणि पुढचं सगळं भलतंच होतं. ही शिस्त गेम लिहितानाच पाळावी लागते, सिस्टीमला बाहेरून लादता येत नाही.

जुन्या गेमचं चित्र आपोआप धारदार करण्याचंही तसंच. १०८० रेषांच्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि ४के चित्रात बरोबर चौपट. उरलेले पिक्सेल नीट भरायचे तर मागच्या फ्रेममधला कोणता ठिपका कुठे सरकला हे कळायला हवं, आणि ते फक्त गेमला माहीत असतं. सिस्टीमच्या हाती येतं ते तयार चित्र, स्कोअर आणि अक्षरांसकट. मग अक्षरांच्या कडा लिबलिबतात, बारीक जाळ्या थरथरतात. हालचाल सलग दिसावी म्हणून सिस्टीमने मधल्या फ्रेम बनवायच्या तर पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची रोखून धरावी लागते. ३० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद, आणि कंट्रोलर जड झाल्यासारखा हाताला लगेच जाणवतो.

याउलट, गप्पांचं बोलणं कन्सोलवरच अक्षरांत उतरवून दुसऱ्या भाषेत दाखवणं हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. २४ कोटी पॅरामीटरचं (शिकताना ठरलेल्या आकड्यांचं) उच्चार ओळखणारं मॉडेल, प्रत्येकाला एक बाइट दिला तर सुमारे २४० एमबीत बसतं. भाषांतराचं मॉडेल बरोबर घेतलं तरी हातच्यात जागा होऊ शकते. साठ फ्रेमच्या गेममध्ये चित्राला १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावंच लागतं. मजकूर सेकंदभर उशिरा आला तरी कुणाचं अडत नाही, त्यामुळे हे काम राखीव कोअरवर सावकाश चालू शकतं. अडचण येईल ती माइकमध्ये शिरणाऱ्या गेमच्या आवाजाची. पण गेमचा मूळ आवाज सिस्टीमकडेच असतो. तो माइकच्या आवाजातून वजा करायचा आणि उरलेलं बोलणं मॉडेलकडे द्यायचं.