चुडा तेवढा हिरवा ठेव

ताईच्या लग्नातला एक फोटो आहे, मेंदीचे हात आणि हातभर हिरवा चुडा, आणि तिची फर्माईश अशी की चुडा तेवढा हिरवा ठेव, बाकी सगळं ब्लॅक अँड व्हाइट कर. म्हटलं पाच मिनिटांचं काम. अख्खा रविवार गेला.

मुळात आपण इथे रंग भरत नाही, काढतो. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला, म्हणजे बारीक ठिपक्याला, तीन आकडे असतात, लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. ब्लॅक अँड व्हाइट करायचं म्हणजे या तिघांचा मिळून एकच आकडा करायचा. पण सरळ सरासरी काढून चालत नाही, कारण तेवढ्याच जोराचा हिरवा आपल्या डोळ्याला सगळ्यात उजळ दिसतो आणि निळा सगळ्यात काळपट. म्हणून एक नेहमीचं सूत्र लाल ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११ असं साधारण वजन देतं. आता गंमत बघा, २००, ६०, ६० हा लाल आणि ६०, १३१, ६० हा हिरवा, दोघांचंही उत्तर येतं १०२. म्हणजे शालूचा लाल काठ आणि त्यावर टेकलेली हिरवी बांगडी, दोन्ही एकच राखाडी! म्हणूनच आजीच्या जुन्या फोटोतली साडी कुठल्या रंगाची होती हे नुसत्या राखाडीवरून सांगता येत नाही, ॲप रंगवून देतं तो अंदाज असतो. पूर्वी फोटोवर हाताने रंग चढवणारे कारागीर होते, तेही घरच्यांना विचारून किंवा मनानेच रंग द्यायचे.

तर चुडा. एडिटिंगमध्ये रंग एका चक्रावर मोजतात, लाल ० अंशावर, हिरवा १२०, निळा २४०. मी ८० ते १६० एवढाच पट्टा ठेवला आणि बाकीचा रंग उडवला. चुडा आला, पण सोबत तोरणाची आंब्याची पानं, केळीचे खांब आणि मामीचं पोपटी ब्लाउजपण आलं, कारण सॉफ्टवेअरला चुडा-बिडा कळत नाही, आकडे कळतात. ते सगळं मास्कने झाकलं. मास्क म्हणजे फोटोवर ठेवलेला कागदच समजा, पांढरा असेल तिथे रंग दिसतो, काळा केला की गायब.

झूम केलं तर बांगड्यांना भोकं! काच चमकते तिथे तिन्ही आकडे २५०च्या आसपास सारखेच, मग रंग असा उरतच नाही. आणि उलट बांगड्यांच्या मधल्या अंधारात ६, ८, ७ असले किरकोळ आकडे, पण हिशोबाने तोही १५० अंशाचा हिरवा ठरतो, त्यामुळे काळ्या फटीत हिरवे ठिपके. कडेला तर अजून घोळ. फोटो फॉरवर्ड होत होत आलेला जेपेग, म्हणजे दाबून छोटी केलेली फाइल, आणि जेपेगमध्ये जागा वाचवायला उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात पण रंग बऱ्याचदा चार पिक्सेलमध्ये मिळून एकच. एरवी डोळ्याला पत्ता लागत नाही, कारण बारीक तपशील आपण उजेडावरून ओळखतो, रंगावरून नाही. पण शेजारची कातडी राखाडी केली की बांगडीबाहेर सांडलेली हिरवी झालर लगेच दिसते. शिवाय मनगटावर काचेतून पडलेला हिरवा उजेड, तो खरोखरच तिथे होता, तो पुसला तर चुडा वरून चिकटवल्यासारखा वाटायला लागला. तो मी ठेवला.

रात्री पाठवला. ताईचा रिप्लाय, "मस्तच रे, आता मेंदीपण रंगात आण ना." मेंदीचा आणि हाताच्या कातडीचा रंग चक्रावर अगदी शेजारी शेजारी, त्यामुळे पट्टा निवडून काही होणार नाही, एकेक वेल ब्रशने काढत बसावं लागणार. बघू पुढच्या रविवारी.