केक फुगतो तो भांड्यात, ओव्हनमध्ये नव्हे

केक छान फुगला की कौतुक ओव्हनचं होतं आणि बसला की शिव्याही ओव्हनलाच बसतात. खरं तर ओव्हन मिश्रणात हवेचा एकही नवा बुडबुडा घालत नाही. फेटताना भांड्यात जे बुडबुडे तयार झाले, तेच आत गेल्यावर मोठे होतात. फळांचे थर भरायला हलका स्पंज हवा असेल, तर आधी हे पक्कं डोक्यात बसलेलं बरं.

नवे बुडबुडे का तयार होत नाहीत? बुडबुडा जितका लहान, तितका पृष्ठताण त्याला जोरात चेपतो आणि तितका त्याच्या आतला दाब जास्त असावा लागतो. अगदी शून्यापासून सुरुवात करायची तर हा दाब अफाटच लागेल. त्यामुळे पाण्याची वाफ असो की बेकिंग पावडरमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड, दोघेही तयार बुडबुड्यांतच शिरतात. आयत्या बिळावर नागोबा! मिश्रणात बुडबुडेच कमी असतील तर बेकिंग पावडर वाढवून काही साधत नाही. मोठाली भोकं पडतात, एवढंच.

साध्या स्पंजमध्ये बेकिंग पावडर नसली तरी चालतं. 20 सेंटिमीटरच्या टिनसाठी 4 अंडी, 120 ग्रॅम साखर आणि 120 ग्रॅम मैदा पुरतो. अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे 88 टक्के पाणी आणि 10 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. प्रथिनांचे रेणू एरवी गुंडाळी करून बसलेले असतात. बीटर फिरू लागला की हवा आणि पाणी यांच्या सीमेवर ते उलगडतात, काही भाग पाण्यात आणि काही हवेत ठेवून तिथेच चिकटतात, आणि शेजाऱ्याचा हात धरून बुडबुड्याभोवती पातळ पडदा विणतात. अंडी आणि साखर गरम पाण्याच्या भांड्यावर धरून साधारण 40 अंशांपर्यंत कोमट केली तर साखर लवकर विरघळते, मिश्रण सैल होतं आणि फेस भराभर चढतो. मग फेटत राहायचं. पिवळा रंग फिका होत जातो, मिश्रण जवळजवळ तिप्पट होतं आणि बीटर उचलल्यावर पडणारी जाड धार क्षणभर वर तशीच दिसत राहते. विरघळलेली साखर बुडबुड्यांमधलं पाणी दाट करते, म्हणून ते चटकन खाली निथळत नाही.

इथे बरेच जण घाई करतात. शेवटची दोन मिनिटं बीटर अगदी हळू फिरवावा. मोठे बुडबुडे फुटतात आणि सगळे साधारण एका आकाराचे होतात. आकार असमान राहिले तर लहान बुडबुड्यांतला वायू, तिथे दाब जास्त असल्यामुळे, पाण्यात विरघळून मोठ्यांकडे सरकतो. लहान नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे. मिश्रण ओट्यावर अर्धा तास पडून राहिलं की केक जाडसर जाळीचा होतो, तो यामुळेच.

मैद्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चाळून घ्यावा, दोन-तीन हप्त्यांत घालावा, कट अँड फोल्ड करावा, म्हणजे उलथन्याने मिश्रण मधून कापत तळातून वर हलकेच दुमडावं, आणि कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबावं. जास्त ढवळलं तर ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, ताणलं जातं आणि बुडबुडेही फुटतात, दुहेरी तोटा. बटर मात्र जपून. चरबी ही फेसाची वैरीण: ती पडद्यात घुसून प्रथिनांची जागा बळकावते. वितळलेलं बटर आधी चमचाभर मिश्रणात मिसळून मग सगळ्यात घातलं की नुकसान कमी होतं. लॉस एंजेलिसमध्ये विमा विकणाऱ्या हॅरी बेकर यांनी 1927 साली बटरऐवजी तेल आणि वेगळा फेटलेला पांढरा फेस यांच्या जोरावर शिफॉन केक तयार केला. तेलाचं हे गुपित त्यांनी वीस वर्षं फुटू दिलं नाही. 1947 मध्ये ते जनरल मिल्स या अमेरिकी खाद्य कंपनीला विकलं, त्यानंतर ते जगाला कळलं.

आता ओव्हन, साधारण 175 अंशांवर. हवा 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापली तर तिचं आकारमान फक्त पाव पट वाढतं. केक त्याहून पुष्कळ वर येतो, कारण उरलेलं काम वाफ करते. पण फुगणं आणि घट्ट होणं यांची वेळ जुळावी लागते. नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च 60 अंशांच्या आसपास फुगू लागतो. साखर भरपूर असलेल्या मिश्रणात त्याला 80 अंश ओलांडावे लागतात. अंड्याची प्रथिनंही साखरेमुळे उशिरा घट्ट होतात. या उशिरातच केकला वर यायला वेळ मिळतो. तेव्हा साखर निम्मी करण्याने फक्त गोडी कमी होत नाही, केक बुटकाही होतो. आणि घट्ट होण्याआधी दार उघडून पाहिलं की थंड हवेने वाफेचं पाणी होतं आणि मधला भाग खचतो.

घट्ट होण्याच्या सुमारास बहुतेक बुडबुड्यांच्या भिंती फाटतात, पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि फेसाचा स्पंज होतो. काही बुडबुडे मात्र बंदच राहतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे 1.7 लिटर जागा व्यापते. ती निवून पुन्हा पाणी झाली की बंद बुडबुड्यात पोकळी उरते आणि बाहेरची हवा त्याला आत दाबते. म्हणून केक ओव्हनमधून काढताच टिन वीतभर उंचीवरून ओट्यावर एकदा सपाट आपटतात. दिसायला निर्दय वाटतं, पण भिंती फुटतात, हवा आत शिरते आणि केक आक्रसत नाही.

स्पंज पूर्ण गार झाला की आडवा कापून थर करायचे. इथून पुढचा सगळा खेळ पाण्याचा. स्ट्रॉबेरीत 90 टक्क्यांच्या वर पाणी असतं, आंब्यात 80 टक्क्यांच्या वर. कापलेल्या फळावर साखर पडली की परासरणाने पेशींतलं पाणी बाहेर येतं, आणि ते केकमध्येच झालं तर सगळ्या मेहनतीवर अक्षरशः पाणी फिरतं. हे पाणी आधीच काढून घेणं उत्तम. फोडींना थोडी साखर लावून अर्धा तास ठेवावं, सुटलेला रस गाळून तोच स्पंजवर शिंपडायला वापरावा आणि फोडी कागदाने टिपून घ्याव्यात. मग स्पंज आणि फळ यांच्यामध्ये क्रीमचा पातळ थर. त्यातली चरबी पाण्याला बऱ्यापैकी अडवते.

क्रीम हाही फेसच, पण त्याचा कायदा उलटा. अंड्याच्या फेसाला चरबी मारते, क्रीमला तीच तारते. 30 ते 35 टक्के चरबी असलेलं थंडगार क्रीम फेटताना चरबीचे अर्धे घट्ट, अर्धे पातळ गोळे एकमेकांना आदळून साखळीसारखे चिकटतात आणि हवेला वेढून टाकतात. क्रीम 10 अंशांच्या वर गेलं की चरबी मऊ पडून साखळी नीट जुळत नाही. प्रमाणाबाहेर फेटलं तर लोण्याचे कण सुटतात.

अननसाची गोष्ट निराळी. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते प्रथिनांचे तुकडे करतं. ताज्या फोडी क्रीममध्ये घालून काही तास ठेवल्या तर क्रीम पातळ होतं आणि चवीला कडवट लागतं, कारण दुधातल्या प्रथिनांचे काही तुकडे कडू असतात. किवी आणि कच्च्या पपईतही अशीच विकरं आहेत. जिलेटिन हेही प्रथिनच, त्यामुळे ताज्या अननसाबरोबर ते सेट होत नाही. समुद्री शेवाळापासून मिळणारी आगर-आगर ही शर्करांची साखळी असल्याने तिला ब्रोमेलिन काही करत नाही. उपाय सोपा आहे: फोडी थोड्या साखरेत चार-पाच मिनिटं उकळाव्यात. उष्णतेने विकर निकामी होतं. डबाबंद अननस आधीच तापवलेला असल्याने चालतो.

थर रचून झाल्यावर फ्रिज टाळता येत नाही, कारण क्रीम आणि कापलेली फळं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवणं बरं नाही. पण थंडीत बटर घट्ट होतं आणि स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसून स्पंज कोरडा लागू लागतो. रस किंवा पातळ पाक शिंपडलेला असला तर हे कमी जाणवतं. तेलाचा शिफॉन फ्रिजमध्येही मऊ राहतो. रचलेला केक तीन-चार तास थंड होऊ द्यावा, वाढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढावा, आणि दातेरी सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापावा. सजावटीची फळं मात्र अगदी शेवटी ठेवावीत, म्हणजे वरच्या क्रीमवर रसाचे ओघळ येत नाहीत.