तेजाब : गलाईकामातील धोके व प्रथमोपचार

तीव्र खनिज अम्लांना, आणि सोन्याचांदीच्या धंद्यात मुख्यतः नायट्रिक अम्लाला, तेजाब म्हणतात. हा शब्द फार्सी ‘तेज’ (तीक्ष्ण) व ‘आब’ (पाणी) यांपासून बनला आहे. लॅटिनमधील ‘अक्वा फोर्टिस’, म्हणजे जोरकस पाणी, या नावाशी त्याचे अर्थसाम्य लक्षणीय आहे. जुने सोने वितळवून, त्यातील हीण (मिसळलेले इतर धातू) तेजाबाने काढून शुद्ध करण्याचा गलाई व्यवसाय भारतभर मराठी कारागिरांनी नेला. हे कारागीर प्रामुख्याने सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव आणि शेजारच्या खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातील आहेत.

तेजाबाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. पूर्वीचे संदर्भग्रंथ नायट्रिक अम्लाच्या शोधाचे श्रेय आठव्या शतकातील किमयागार जाबिर इब्न हय्यान याला देतात. मात्र ज्या लॅटिन ग्रंथांच्या आधारे हे म्हटले जाते, ते ‘गेबर’ (जाबिरचे लॅटिन रूप) या नावाखाली सु. १३०० च्या आसपास युरोपात रचले गेले असावेत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. भारतीय रसग्रंथांतील (रसायनविद्येवरील जुन्या ग्रंथांतील) ‘शंखद्राव’ हा शंख विरघळवणारा द्रव असून हिराकस, तुरटी, सोरा, नवसागर अशा द्रव्यांच्या ऊर्ध्वपातनाने तो मिळवत. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी त्यात खनिज अम्लाची ओळख पाहिली. हे उल्लेख बहुधा सोळाव्या शतकाच्या मागेपुढे येतात. त्याच शतकाच्या अखेरच्या ‘आईन-इ-अकबरी’त टांकसाळीतील शुद्धीकरणाचे तपशीलवार वर्णन आहे. तेथे सोन्याचे पत्रे क्षार व विटांच्या भुग्याच्या थरांत ठेवून तापवले जात, तर सोने व चांदी वेगळी करण्यासाठी गंधक वापरत. म्हणजे अम्लाची माहिती असली, तरी टांकसाळीचा भर तेव्हा भट्टीवरच होता, असे दिसते.

नायट्रिक अम्लात चांदी व तांबे विरघळतात, सोने विरघळत नाही. पण मिश्रणात सोन्याचे प्रमाण जास्त असेल, तर आतली चांदी अम्लापासून झाकली जाते. म्हणून मुशीत (धातू वितळवण्याच्या भांड्यात) आधी चांदी मिसळून सोने सुमारे एक चतुर्थांशावर आणतात. अम्लराजात, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक अम्लांच्या मिश्रणात, सोनेही विरघळते आणि क्लोरीन बाहेर पडतो.

धातू विरघळताना उठणारा तांबूस-तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो. गलाईकामातला सर्वांत फसवा धोका हाच आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद गाळ्यात जमिनीलगत साचतो. श्वासात गेल्यावर थोडा खोकला येतो, मग बरे वाटते. आणि काही तासांनी, कधी दिवसभरानंतर, फुप्फुसांत पाणी भरू लागते. त्यामुळे असा धूर लागलेल्या माणसाला मोकळ्या हवेत आणावे, निवांत बसवावे आणि तक्रार नसली तरी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे.

अम्ल त्वचेवर पडल्यास पिवळा डाग उठतो; त्वचेतील प्रथिनांशी झालेल्या अभिक्रियेची ही खूण होय. काही जुन्या हस्तपुस्तिकांत खाण्याच्या सोड्याचे द्रावण लावण्याचा सल्ला आढळतो. तो आता मागे पडला आहे, आणि ते योग्यच झाले. उदासीनीकरणात (सोड्याने अम्लाचा जोर मारताना) उष्णता निर्माण होते, शिवाय सोडा शोधण्यात मोलाचा वेळ जातो. भिजलेले कपडे, अंगठ्या, घड्याळ लगेच काढून भाग वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावा. नळ नसल्यास बादलीतले पाणी सतत ओतत राहावे. हळद, तूप, टूथपेस्ट लावू नये. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुवावे, पाणी दुसऱ्या डोळ्याकडे वाहू देऊ नये; नंतर नेत्रतज्ज्ञाकडे न्यावेच. अम्ल पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजते. फक्त चूळ भरायला लावून तातडीने रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. हायड्रोफ्लोरिक अम्ल हा वेगळा प्रकार आहे: वेदना उशिरा सुरू होतात, हाडांपर्यंत इजा पोहोचते आणि धुतल्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटची मलम लागते.

पातळ करताना अम्ल पाण्यात सावकाश घालतात, पाणी अम्लात कधीच नाही. सल्फ्युरिक अम्लाच्या बाबतीत तर उसळून अंगावर येते. सांडलेल्या नायट्रिक अम्लावर लाकडाचा भुसा किंवा चिंध्या टाकू नयेत, त्या पेट घेऊ शकतात; कोरडी वाळू टाकून वर हळूहळू चुना किंवा धुण्याचा सोडा पसरावा. अम्लाच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले: खरेदीदाराची ओळख व प्रयोजन यांची नोंद ठेवणे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला न विकणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे.