‘वुल्पिनस’ म्हणजे लबाड नव्हे

शास्त्रीय नावात ‘वुल्पिनस’ किंवा ‘वुल्पिना’ दिसलं, की ‘कोल्ह्यासारखा धूर्त’ नाहीतर ‘कोल्ह्यासारखा दिसणारा’ असा अर्थ ठोकून दिला जातो. लॅटिनमध्ये या विशेषणाचा मूळ अर्थ एवढाच: खोकडाचा (म्हणजे इंग्रजीतल्या ‘फॉक्स’चा), खोकडाशी संबंधित. मग तो संबंध कसलाही असो. ‘लेथारिया वुल्पिना’ हे झाडांवर वाढणारं पिवळंजर्द दगडफूल घ्या. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये त्याला हे विशेषण दिलं. दिसण्यात खोकडाचं काहीच नाही. उत्तर युरोपात ते आमिषात मिसळून खोकडं नि लांडगे मारत! त्यातलं विषारी पिवळं द्रव्य म्हणजे वुल्पिनिक आम्ल. आणि हो, आपला कोल्हा यात बसतच नाही. तो ‘कॅनिस’ प्रजातीतला. ‘वुल्पेस’ ही खोकडांची प्रजाती; आपल्या माळरानावरचं, शेपटीचं टोक काळं असलेलं खोकड तिच्यातलंच.